भट्टी अकराला मोकळी होते

भुकूमला मुख्य रस्ता सोडून आत वळलं की 'दादासाहेब हाइट्स' ही इमारत लागते. मजले चारच, पण दादासाहेबांनी स्वतःच्या शेतात स्वतःच्या नावानं बांधलेली, त्यामुळे उंचीबद्दल गावात कुणी वाद घालत नाही. तळमजल्यावर तीन गाळे. पहिल्यात औषधांचं दुकान, दुसऱ्यात केशकर्तनालय आणि तिसऱ्यात अमोघ जिंतूरकरची बेकरी. पहिल्या दोन गाळ्यांत सदा माणसं असत. तिसऱ्यात अमोघ असे.

अमोघ मूळचा परभणीचा. हिंजवडीत आठ वर्षं त्यानं दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या आणि मग एके दिवशी स्वतःच्या चुका करायच्या ठरवून बेकरी काढली. बेकरीचं नाव 'स्लो क्रस्ट'. इथे पाव यीस्ट न घालता, पीठ अठरा तास आंबवून करत. त्याला वरून जाड, करकरीत साल येई, आतून तो जाळीदार आणि किंचित आंबट लागे. पाव खरोखर चांगला होता. एवढंच की हे अमोघ सोडून फारसं कुणाला माहीत नव्हतं. दादासाहेबांनी उद्घाटनाच्या दिवशी मानाचा पाव घरी नेला आणि चहात बुडवला. चहा संपला, पाव तसाच राहिला. तेव्हापासून गावात त्या दुकानाला 'कडक पावाची बेकरी' म्हणत.

दादासाहेबांचा राग भाड्यावर नव्हता, भाडं वेळेवर येत होतं. त्यांचा राग होता रिकाम्या दुकानावर.

"जिंतूरकर, माजं नाव वर लिवलंय आन् खाली गाळा असा भकास," ते म्हणाले होते. "येणारा-जाणारा काय म्हणंल? दिवाळीपातूर दुकानात माणसं दिसू द्या. न्हाई दिसली तर त्यो नरहरी थांबलाय कॅमेऱ्याच्या दुकानासाठी."

नरहरी पिरंगुटचा. सीसीटीव्ही बसवून द्यायचा त्याचा धंदा होता आणि त्याला जराही दम निघत नव्हता. आठवड्यातून दोनदा तो मोजपट्टी घेऊन येई, शटरची रुंदी मोजी, अमोघकडे पाहून ओशाळं हसे आणि जाताना एक खारी घेऊन जाई. खरं सांगायचं तर आठवड्याचं नियमित गिऱ्हाईक तेवढंच होतं.

गाळा गेला तर अमोघला पुन्हा हिंजवडीत जाऊन चुका शोधत बसावं लागणार होतं. त्याची बायको अपूर्वा अजून तिथेच नोकरीला होती. ती त्याला टाकून बोलत नसे, पण तिनं त्याचा बायोडाटा अद्ययावत करून ठेवलाय हे त्याला कळलं होतं, आणि त्याला तेच जास्त लागलं होतं.

अशात एक आशेचा किरण आला तो ईमेलवर. पुण्यातल्या खाण्यापिण्यावर लिहिणारं एक संकेतस्थळ 'शहरातल्या सर्वोत्तम बारा स्वतंत्र बेकऱ्या' अशी यादी काढणार होतं, आणि स्लो क्रस्टचं नाव विचाराधीन होतं. दिवाळीआधीच्या आठवड्यात परीक्षक कधीही येईल, ओळख देणार नाही, साध्या गिऱ्हाइकासारखा माल घेईल आणि निघून जाईल, असं त्यात लिहिलं होतं. भुकूम शहरात मोडतं की नाही हा प्रश्न अमोघनं मनातही येऊ दिला नाही.

सोमवारपासून तो दारात येणाऱ्या प्रत्येकाकडे परीक्षक म्हणून पाहू लागला. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यानं बसवून लोण्याचा केक खाऊ घातला. लवळ्याच्या कॉलेजातली दोन पोरं मोबाइल चार्ज करायला प्लग मागत आली, त्यांना आंबवणाचं शास्त्र पाऊण तास ऐकावं लागलं. चार्जिंग पूर्ण व्हायच्या आतच ती उठून गेली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत परीक्षक म्हणावं असं कुणी आलं नव्हतं. आल्या त्या सगुणाबाई.

सगुणाबाई म्हणजे दादासाहेबांच्या आई. वय शहात्तर, पाठ ताठ, आणि नजर अशी की समोरचा माणूस आपोआप खिसे चाचपे. आजूबाजूच्या चार गावांत त्यांचं नाव होतं ते भट्टीवर बसण्याबद्दल. दिवाळीआधी इकडच्या बायका मैदा, पिठीसाखर आणि घरचं तूप घेऊन भट्टीवर जातात. तिथेच मळतात, ट्रेवर नानकटाया मांडतात, भट्टीवाल्याकडून भाजून घेतात आणि डबा भरून घरी येतात. भट्टीवाल्यानं फक्त आच द्यायची. आता हा भट्टीवाला नजर चुकवून तूप काढून घेतो आणि डालडा घालतो, असा एक जुना संशय आहे. खरंखोटं देव जाणे, पण त्या संशयापायी डब्यापाशी घरचं माणूस बसवावं लागतं. सगुणाबाई लग्न होऊन आल्यापासून अठ्ठावन्न दिवाळ्या स्वतः बसल्या होत्या. एका वर्षी ताप होता तर घोंगडी पांघरून बसल्या. जन्मात कुठल्या भट्टीवाल्याच्या भरवशावर त्यांनी डबा सोडला नव्हता.

त्या दाराशी आल्या, ओव्हनकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "भट्टी किती वाजता मोकळी हुती रं?"

"अकराला होते, आजी. साडेदहापर्यंत पाव निघतात."

"आच ऱ्हाती का मागनं?"

"राहते की. दोन-तीन तास चांगला गरम असतो ओव्हन."

"बरं," म्हणून त्या गेल्या.

अमोघला फार बरं वाटलं. आजींचा प्रश्न किती नेमका होता, उरलेल्या आचेबद्दल आजवर कुणी विचारलंच नव्हतं, हे त्यानं अपूर्वाला जेवताना दोनदा सांगितलं. बिचाऱ्याला कल्पना नव्हती की त्याच वेळी दादासाहेबांच्या ओसरीवर व्यवहार पक्का झाल्याचं जाहीर होत होतं. वेळ विचारली, त्यानं वेळ दिली. आच विचारली, त्यानं आच कबूल केली. पिरंगुटचा म्हातारा भट्टीवाला वाल्मीक शिमग्यानंतर भट्टी बंद करून लेकीकडे नगरला गेल्यापासून गावातल्या बाया काळजीत होत्या. ती काळजी मिटली. रातोरात तेरा घरी निरोप गेले.

शनिवारी अपूर्वाला सुट्टी होती, म्हणून ती गल्ल्यावर बसली होती. अमोघनं मधल्या लाकडी टेबलावर तागाचं कापड अंथरून सहा पाव मांडले. एक जरा तिरका ठेवला, कारण फोटोत तसं चांगलं दिसतं. परीक्षकाचा हा शेवटचा दिवस होता.

बरोबर अकराला दारात चपलांचा ढीग पडला आणि चौदा बाया आत आल्या. प्रत्येकीच्या काखेला परात, हातात डबा. सगुणाबाई पुढे होत्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, तागाच्या कापडाची चारही टोकं धरून सहाच्या सहा पावांचं गाठोडं केलं, ते अपूर्वाच्या हातात दिलं आणि टेबलावर परात ठेवली.

"मोकळी हाय न्हवं भट्टी?" त्यांनी विचारलं.

ओव्हन मोकळाच होता. अमोघला खोटं बोलता येईना.

"नाही म्हण," अपूर्वा गाठोड्याआडून पुटपुटली.

"कसं म्हणू? गाळा त्यांचा आहे."

"मग हो म्हण."

"आणि परीक्षक आला तर?"

"तर त्यालाही हो म्हण," अपूर्वा म्हणाली आणि परातींना जागा करायला उठली.

पुढचा अर्धा तास अमोघला नीट आठवत नाही. जमिनीवर चौदा ठिकाणी मळणं चाललं होतं. वेलदोड्याचा वास सुटला होता आणि कुणाच्या सुनेनं काय केलं याच्या बातम्या एकमेकींत कालवल्या जात होत्या. तो ओव्हनशी झगडत होता. पावाची दोनशे तीसची आच नानकटाईला चालत नाही, एकशे साठवर उतरवायची तर दार उघडं ठेवून उभं राहावं लागत होतं. मागून त्याला सगुणाबाईंचा आवाज ऐकू येत होता.

"तुजा डबा कुटं हाय गं?"

"मी पाव घ्यायला आलेय," एक अनोळखी आवाज म्हणाला.

"पाव मिळंल. आदी ह्यो ट्रे धर. वही हाय व्हय हातात? लिवाय येतंय न्हवं? मग चिठ्ठ्या कर. माजा पैला, मंग जयाबायचा, मंग त्या कोपऱ्यातलीचा."

नव्या सोसायटीतली कुणीतरी शिकलेली सून असावी, असं अमोघला वाटलं. चिठ्ठ्या होतायत हे पाहून त्याला हायसंच वाटलं, कारण ट्रेंची अदलाबदल झाली तर आपली धडगत नाही हे त्यानं ओळखलं होतं. तशी चिठ्ठ्यांवर कुणाचीच भिस्त नव्हती. प्रत्येक बाई आपापल्या नानकटाईवर आपली खूण दाबत होती. कुणी बाटलीच्या बुचाची, कुणी किल्लीची. सगुणाबाईंची खूण म्हणजे त्यांच्या हातातल्या पाटलीच्या कडेचा अर्धा चंद्र.

त्यांचा ट्रे हातात आला तेव्हा अमोघ थबकला. गोळे पसरट होऊ लागले होते.

"आजी, तूप सैल झालंय. पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवू या. नाहीतर भाजताना एकमेकींना चिकटतील."

मळणारे हात थांबले. अठ्ठावन्न वर्षांत सगुणाबाईंच्या तुपाला कुणी सैल म्हटलं नव्हतं.

"नानकटाई फ्रीजात?" त्या म्हणाल्या. "ती काय आइस्क्रीम हाय?"

"अर्धीच ठेवू. अर्धी तशीच भाजू. तुम्ही समोर उभ्या राहून बघा."

अमोघला हे धाडस कुठून आलं कोण जाणे. शनिवार निम्मा उलटला होता, परीक्षक आला नव्हता, आणि हरायचंच असेल तर निदान आपलं म्हणणं सांगून हरावं असं त्याला वाटलं असणार. सगुणाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि फ्रीजच्या काचेसमोर स्टूल ओढून बसल्या. पंधरा मिनिटं त्यांनी नजर हलवली नाही. बसल्या बसल्या गाठोड्यातून डोकावणाऱ्या पावाकडे बोट करून विचारलं, "ह्यो वरचा काप कशाचा?"

"भाजण्याआधी पात्यानं चीर देतो, आजी. म्हणजे पाव फुगताना भलतीकडे फाटत नाही. प्रत्येक बेकर आपापल्या पद्धतीनं देतो."

"म्हंजी तुजी खूण."

"खूण म्हणजे तसं..."

"खूणच की," त्या म्हणाल्या. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्या त्याच्याकडे जरा बऱ्या नजरेनं पाहत होत्या.

दोन्ही अर्धे ट्रे बाहेर आले. तशाच भाजलेल्या नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या होत्या. गार केलेल्या मात्र टम्म फुगल्या होत्या, त्यांना वर बारीक भेगा गेल्या होत्या आणि अर्धा चंद्र जसाच्या तसा होता. सगुणाबाईंनी एक मोडली, तोंडात टाकली, डोळे मिटले. सगळ्या बाया आणि अपूर्वा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"बरी हाय," त्या म्हणाल्या.

जयाबाईंनी निमूटपणे आपला ट्रे उचलून फ्रीजकडे नेला. त्यांच्यामागे बाकीच्यांची रांग लागली.

पुढचा ट्रे कुणाचा हे बघायला अमोघनं ओव्हनवरची चिठ्ठी उचलली. एका बाजूला नीटस अक्षरात 'कोपऱ्यातल्या काकू' असं लिहिलं होतं. त्यानं सहज ती उलटली. मागे त्याच अक्षरात होतं: 'बेकरी क्र. ९, स्लो क्रस्ट. साल: उत्तम. गर: पाहायचा आहे. गर्दी: अपेक्षेपेक्षा फार. मालक: घाबरलेला.'

अमोघनं ती तीनदा वाचली. मग मान वळवून पाहिलं. पंचेचाळिशीची, सुती कुडत्यातली एक बाई जमिनीवर मांडी घालून बसली होती. कोपरापर्यंत मैदा लागला होता, आणि सगुणाबाई तिला गोळा किती मोठा हवा ते स्वतःच्या हातानं दाखवत होत्या. त्यानं चिठ्ठी अपूर्वाला दाखवली. अपूर्वानं ती वाचली आणि म्हणाली, "शेवटचं तर खरंच आहे."

दुपारी दोनला बाया निघाल्या. ज्ञानदा नावाची ती परीक्षक हात धुऊन पाव घेऊ लागली. सगुणाबाईंनी तिच्या हातावर चार नानकटाया ठेवल्या. तिनं एक खाल्ली, लगेच दुसरीही खाल्ली. मग अमोघला विचारलं, "ही कशी दिली?"

"ह्या इकायच्या न्हाईत," सगुणाबाई मध्येच म्हणाल्या. "ज्याच्या त्याच्या हायेत."

ज्ञानदानं ते वहीत उरलेल्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं.

यादी सोमवारी आली. अमोघनं बारा नावं वरून खाली वाचली, मग खालून वर. कोरेगाव पार्क होतं, कोथरूड होतं, बाणेरच्या तर दोन होत्या. भुकूम नव्हतं. अगदी तळाला बारीक अक्षरात एक टीप होती: 'नवव्या क्रमांकावर पाहिलेली एक बेकरी आम्हाला यादीत घेता आली नाही. तिथला पाव फार चांगला आहे. पण आम्ही तिथे खाल्लेला सर्वांत उत्तम पदार्थ विक्रीला नव्हता, आणि आमच्या नियमांत त्यासाठी रकाना नाही.'

अमोघ फोन हातात धरून बसून राहिला. त्याला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्हींपैकी एकही धड जमत नव्हतं. चांगला पाव हे शब्द कुणीतरी पहिल्यांदाच छापले होते, तेही बेकरीचं नाव न घेता. अपूर्वाचा हिंजवडीतून फोन आला. ती यादीबद्दल काही बोलली नाही, जेवलास का एवढंच विचारलं. यादी तिनं वाचली होती हे त्यावरून त्याला समजलं.

मंगळवारी अकराच्या सुमाराला सगुणाबाई पुन्हा आल्या. बरोबर कुणी नव्हतं. त्यांनी मैद्याची पिशवी, पिठीसाखर आणि तुपाचा भरलेला डबा टेबलावर ठेवला, आणि शेजारी रिकामा मोठा डबा.

"नेऱ्याला दिलेल्या लेकीसाठी. दोन किलोची कर," त्या म्हणाल्या.

अमोघनं मुकाट्यानं फ्रीजसमोर त्यांचं स्टूल मांडलं.

"त्ये कशाला?"

"बसायला, आजी."

"बसून काय करू? तू हायेस न्हवं," त्या म्हणाल्या. "पंदरा मिनटं गार करायचं इसरू नगंस. पाचला येते."

त्या दारापर्यंत गेल्या तरी अमोघला नीट उमजलं नव्हतं. मग तो घाईनं म्हणाला, "आणि खूण? पाटलीची?"

सगुणाबाई वळल्या नाहीत. "तुजीच घाल," म्हणाल्या आणि चपला सरकवून गेल्या.

तो मळायला लागला तोच दादासाहेब आले. मागे नरहरी, हातात मोजपट्टी. आज तो ओशाळं हसत नव्हता, म्हणजे बोलणी पुढे गेली होती.

"जिंतूरकर," दादासाहेबांनी घसा साफ केला, "मी म्हणलं हुतं, दिवाळीपातूर..." बोलता बोलता त्यांची नजर टेबलावर गेली. "ह्यो आईचा डबा न्हवं?"

"हो."

"आई कुटाय?"

"घरी गेल्या."

"घरी म्हंजी? पानी प्यायला?"

"नाही. पाचला येते म्हणाल्या."

दादासाहेबांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग बाहेर रस्त्यापलीकडच्या आपल्या घराच्या ओसरीकडे वाकून पाहिलं. आई खुर्चीत बसून पावटे सोलत होती, तीही बेकरीकडे पाठ करून. ते सावकाश आत आले आणि कुणी न सांगता स्टुलावर बसले.

"माज्या लग्नाच्या दिशी हळद लागायची हुती," ते जरा वेळानं म्हणाले, "आन् आई भट्टीवर, लग्नाच्या नानकटायांच्या डब्यापाशी. वऱ्हाड खोळंबलं, पन डबा सोडून उठली न्हाई. वाल्मीकनं तीस वरसं भट्टी घातली तिला. त्येच्या समोर बी कदी उठली न्हाई."

अमोघ मळत राहिला. त्याचे हात तुपात होते.

नरहरी शटरपाशी वाकून मापं घेऊ लागला होता. दादासाहेब त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "नरहरी, पट्टी गुंडाळ. गाळा मोकळा न्हाई."

"पण दादा, तुमीच बोलला..."

"खारी घे आन् जा."

नरहरीनं खारी घेतली. अमोघनं त्या दिवशी त्याला दोन दिल्या.

पाचच्या ठोक्याला सगुणाबाई आल्या. डबा भरून तयार होता. प्रत्येक नानकटाईवर पात्यानं दिलेली एक तिरकी चीर होती, सहा पावांवर असायची तशीच. वास घेऊन बघतील, एखादी मोडून तूप तपासतील, निदान झाकण तरी उघडतील, म्हणून अमोघ हात पुसत उभा राहिला. त्यांनी डबा उचलला, काखेला लावला आणि चालू लागल्या.

अमोघ दारात येऊन पाहत राहिला. केशकर्तनालय गेलं, औषधांचं दुकान गेलं, त्या रस्त्याला लागल्या. झाकणाला हात लागला नाही.

संध्याकाळी अपूर्वा घरी आली तेव्हा त्याचे डोळे लाल दिसत होते. मैदा गेला डोळ्यात, असं त्यानं सांगितलं. मग तिनं लॅपटॉप उघडला, त्याच्या बायोडाट्याची फाइल शोधली आणि त्याच्यासमोर पुसून टाकली.